थकलेलं कर्ज कधी संपतं?

सिबिलचा अहवाल उघडला की प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन दिसतात. हप्ता वेळेत गेला असेल तर चौकोनात तीन शून्यं. महिनाभर थकला तर ०३०, दोन महिने थकला तर ०६०. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादित कर्जांत, जातं. माझ्यासमोर जो अहवाल होता, त्यात एका क्रेडिट कार्डाच्या चौकोनांमधले आकडे महिन्यामागून महिने चढत गेले होते आणि खात्यावर शेरा होता : 'रिटन-ऑफ', म्हणजे निर्लेखित. मुद्दल १८,४०० रुपये. शेवटचा भरणा २०१६ सालचा.

अहवाल पस्तिशीतल्या एका तरुणाचा. चाकणच्या कारखान्यातली नोकरी सुटली तेव्हा तो तासगावकडे गावी परतला. कार्डाची बिलं पुण्यातल्या भाड्याच्या खोलीवर येत राहिली आणि मग यायची थांबली. पुढे पुन्हा नोकरी लागली, लग्न झालं, मोटारसायकलचं कर्ज घेऊन त्यानं ते वेळेत फेडलं. आता तीस लाखांचं गृहकर्ज हवं आहे, आणि बँकेनं तो एक शेरा दाखवून अर्ज परत केला. त्याची थोरली बहीण पुण्यात वकिली करते. मामा सांगलीकडच्या एका नागरी सहकारी बँकेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या अहवालावरून मामा-भाचीचं जे जुंपलं ते मी समोर बसून ऐकलं. हाच वाद आज घरोघर अर्धवट माहितीवर चालतो, म्हणून इथे लिहून काढतो आहे.

भाची : मामा, नऊ वर्षं उलटली. मुदतीचा कायदा १९६३ चा. अशा कर्जासाठी तीन वर्षांत दावा लावला नाही तर बँकेचा कोर्टाचा रस्ता बंद. जे देणं कोर्टातून वसूल होऊ शकत नाही, ते या पोराच्या मागे का लागावं?

मामा : रस्ता बंद झाला, देणं बंद झालं नाही. बॉम्बे डाइंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९५८ मध्येच सांगून ठेवलंय की मुदत संपली म्हणजे वसुलीचा उपाय जातो, कर्ज जात नाही. तू वकील आहेस, तुला हे मी सांगायला नको.

भाची : मला माहीत आहे. पण याला मित्रांनी सांगितलं होतं की सात वर्षांनी नाव आपोआप निघतं, म्हणून हा गप्प बसला.

मामा : मित्रांनी कुठं वाचलं ते?

भाची : नियम खरा आहे, पण अमेरिकेतला. तिथे थकल्याच्या तारखेपासून साधारण सात वर्षांनी ती नोंद अहवालातून काढावीच लागते. ब्रिटनमध्ये सहा वर्षांनी. आपल्याकडे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आहे आणि २००६ ची विनियमावली. तिच्यातही सात वर्षं आहेत, पण उलट्या बाजूनं. माहिती *किमान* सात वर्षं जपून ठेवा, असं ती सांगते. जास्तीत जास्त किती, हे सांगत नाही.

इथे दोघांचं एकमत होतं, आणि वाचकानं इथे जरा थांबायला हवं. कोर्टाची मुदत एक, पतमाहिती कंपनीची दुसरी, आणि ज्या बँकेचे पैसे बुडाले तिच्या स्वतःच्या नोंदींना तर मुदतच नाही. पहिली मुदत संपली म्हणून दुसरी संपत नाही. पहिलीही सगळीकडे तीन वर्षांची नसते. घर गहाण टाकून काढलेल्या कर्जाला ती बारा वर्षांची आहे. 'मॅटर जुनं झालं' असं लोक म्हणतात तेव्हा यातलं नेमकं काय जुनं झालं, हे कुणी पाहत नाही.

मामा : आता माझं ऐक. उशीर जुना होतो, थकबाकी जुनी होत नाही. दोन माणसं घे. एकानं २०१९ मध्ये हप्ते दोन महिने चुकवले, मग भरून टाकले. अहवालात शेवटच्या ३६ महिन्यांची रांग दिसते. तीन-चार वर्षं नीट भरलं की त्या रांगेत शून्याशिवाय काही उरत नाही. स्कोअर काढताना अलीकडचं वागणं जास्त मोजलं जातं, त्यामुळे त्याचा आकडा सावरतो. दुसऱ्यानं भरलंच नाही. त्याचं खातं उघडंच आहे. बँक ते पाठवत राहणार, आणि २०२५ च्या जानेवारीपासून तर सगळ्या बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते. म्हणजे २०१६ ची थकबाकी आजच्या तारखेला आजची थकबाकी म्हणून हजर.

भाची : तरी याचा स्कोअर ७१२ आहे, मामा. तीनशे ते नऊशेमध्ये ७१२ म्हणजे वाईट नाही. मोटारसायकलचं कर्ज यानं एक दिवस उशीर न करता फेडलं, त्याचा तो परिणाम.

मामा : आणि अर्ज तरी परत आला. का? कर्ज मंजूर करणारा माणूस नुसता आकडा बघत नाही. तो खाली जातो, 'रिटन-ऑफ' कुठं आहे का बघतो, 'सेटल्ड' आहे का बघतो, 'सूट फाइल्ड', म्हणजे दावा दाखल, आहे का बघतो. मी पंचवीस-तीस वर्षं हेच केलं, तेव्हा सिबिल नव्हतं तर शेजारच्या बँकेला फोन करून विचारायचो. आकडा सावरतो. शेरा भरल्याशिवाय सावरत नाही.

भाची : तेच मला खटकतंय. गुन्हा किती, शिक्षा किती? एक वित्तकंपनी याला कर्ज द्यायला तयार आहे, पण एक टक्का जास्त दरानं. मी हिशेब केला. तीस लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपये. साडेनऊनं २७,९६४. वीस वर्षांत फरक ४ लाख ६३ हजारांचा. १८,४०० रुपयांच्या चुकीसाठी!

मामा : चूक १८,४०० ची नाही. नऊ वर्षं तोंड न दाखवल्याची आहे.

भाची : तोंड कुणाला दाखवणार? नोकरी गेली होती. आणि त्या १८,४०० चं आज काय झालंय ते बघा. वसुली एजन्सीचा माणूस ७१,००० मागतोय. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर चक्रवाढ. वीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते. आपल्याकडे दामदुप्पट होतं, मामा. व्याज मुद्दलाच्या वर मागायचं नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं ते मानत होती, सावकारी कायद्यातही ते तत्त्व आलं. बँका मात्र त्या कायद्याच्या बाहेर. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या डिसेंबरात रद्द केली. मग मर्यादा राहिली कुठं?

मामांकडे याचं उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते असल्याचं दाखवलंही नाही. ते वेगळ्या बाजूनं आले, आणि माझ्या मते ती बाजूही तितकीच खरी आहे.

मामा : व्याजाचं मी समर्थन करत नाही. पण बँकेचे पैसे म्हणजे कुणाचे, हे तुम्ही विसरता. आमच्या बँकेत निवृत्त शिक्षक, द्राक्षवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, यांच्या ठेवी होत्या. थकबाकी वाढली की पहिला फटका त्यांना. आणि दुसरा फटका जामीनदाराला. माझ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त अंगावर आलेलं प्रकरण सांगतो. एका शिक्षकानं चुलतभावाला जामीन दिला होता. चुलतभाऊ गाव सोडून गेला. आम्ही सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला आणि शिक्षकाच्या पगारातून कपात लावली. माझ्या सहीनं लावली. त्याच्या मुलीचं त्याच वर्षी लग्न होतं. आज तेच झालं असतं तर वर त्याच्या सिबिललाही ते खातं 'जामीनदार' म्हणून दिसलं असतं. थकवणारा एक, भरणारे चार. सगळं विसरून जा म्हटलं तर या चौघांना काय सांगायचं? कर्जमाफीच्या वेळी हेच झालं. नियमित भरणारे बँकेत येऊन म्हणायचे, आमचंच चुकलं. शेवटी सरकारला त्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यावं लागलं.

भाची : विसरून जा असं मी म्हणत नाही. कधीतरी थांबा, असं म्हणते. कंपनी बुडाली तर तिला २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. तोडगा निघतो, बँका कात्री लावून घेतात, नवा मालक येतो, कंपनी नव्यानं सुरू होते. त्याच कायद्यात सामान्य माणसासाठीही प्रकरणं लिहिली आहेत, छोट्या कर्जदाराला नवी सुरुवात देणारी. ती अजून लागूच केलेली नाहीत. लागू आहेत ती फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना. बाकीच्यांना आजही इंग्रजांच्या काळातले, १९०९ आणि १९२० चे नादारीचे कायदे. मग पतमाहितीला तरी कमाल मुदत का नको?

मामा : मुदत घातली की लोक मुदत मोजत बसतील.

भाची : आणि नाही घातली की सावकार मोजत बसतो. सुपं आठवा.

सुपं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं. १२ मे १८७५ रोजी तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जखतं जाळली आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकतो. त्यामागची एक गोष्ट मात्र आजच्या या अहवालाशी थेट जोडलेली आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज वाढत जाऊ नये, रयतेचं भलं व्हावं, हा हेतू. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागले. जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज, हे नव्या खतात मुद्दल म्हणून बसायचं आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा द्यायचा. मुदत होती, पण ती नव्यानं सुरू करायची किल्ली सावकाराच्या हातात होती.

मामा : आमच्याकडे मार्चअखेरीला सोसायटीत नवं-जुनं चालतं, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून नवं काढायचं, त्यातही हे भय असतंच. पण आता काळ बदलला.

भाची : बदलला नाही, मामा. एजन्सीच्या माणसानं याला काय सांगितलं ते ऐका. 'सध्या पाचशे रुपये टाका आणि एक मेल करा की देणं मान्य आहे, हळूहळू भरतो.' मुदत संपायच्या आत असा भरणा केला किंवा लेखी कबुली दिली, तर कलम १८ आणि १९ प्रमाणे तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मुदत संपून गेली असेल तर नुसत्या पाचशेनं ती जिवंत होत नाही. पण 'मी भरेन' असं लिहून सही दिली की करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो आणि मेलेला दावा उठून बसतो. पाचशे रुपये भरून स्कोअरला काडीचा फायदा नाही, खातं तसंच थकीत. फायदा फक्त त्यांचा.

मामा : हे मात्र खरं आहे. अर्धवट भरणं सगळ्यात वाईट. भरायचं तर पूर्ण, नाही तर गप्प.

भाची : तो माणूस रात्री नऊला फोन करायचा.

मामा : ते चालत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फोनची वेळ लिहून ठेव आणि बँकेला कळव. एजन्सीला नाही, बँकेला. पण पोरी, मला एक सांग. घर घ्यायचंय ना याला? मग गप्प बसून चालणार आहे का?

इथून बोलणं तत्त्वावरून व्यवहारावर आलं, आणि मला सर्वांत उपयोगाचं वाटलं ते हे. एजन्सीनं आणखी एक तोड सुचवली होती : ७१,००० सोडा, २२,००० द्या आणि विषय संपवा.

भाची : मी म्हणाले, द्यावेत. मुद्दलापेक्षा जास्तच आहेत.

मामा : अजिबात नाही. बावीस हजार देऊन तू शेरा बदलून घेशील, पण कुठला? 'रिटन-ऑफ' जाऊन 'सेटल्ड' येईल. सेटल्ड म्हणजे बँकेनं कमी घेऊन सोडलं. पुढचा मॅनेजर तेही वाईटच मानतो. २०२३ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं तडजोडीचा आराखडा काढला, त्यात शेतीकर्ज सोडून बाकीच्यांना तडजोडीनंतर त्या बँकेकडून नवं कर्ज मिळायला किमान बारा महिने थांबावं लागतं. पैसेही गेले आणि नावही खराब.

भाची : म्हणजे ७१,००० भरायचे? व्याजावरच्या व्याजासकट?

मामा : तेही नाही. मी वसुली केली आहे, मला माहीत आहे बँक कुठं ऐकते. आधी बँकेकडून खात्याचा उतारा मागव. निर्लेखित केलं त्या दिवशी रक्कम किती होती ते बघ. पंचवीस-सत्तावीस हजार असेल. पत्र लिही की पूर्ण देणं भरायला तयार आहोत, लेट फी आणि नंतरचं व्याज बँकेनं उलटवावं आणि खातं 'पूर्ण भरून बंद' म्हणून कळवावं. 'सेटल्ड' नको, हे पत्रात ठळक लिही. बँकेचं लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपया टाकू नको. एजन्सीच्या माणसाच्या हातात तर नाहीच.

भाची : आणि पत्रातली भाषा मी बघते. 'वादाचा हक्क राखून', असं घालून. नाही तर तुमच्या चांगुलपणातून कलम २५ उभं राहायचं.

मामा : तेवढ्यासाठीच तर वकील लागतो.

अहवालातून निर्लेखनाचा इतिहास यानंतरही लगेच पुसला जाणार नाही, हे दोघांनाही मान्य होतं. पूर्ण भरल्यावर शेरा 'निर्लेखनानंतर बंद' असा होतो, थकीत रक्कम शून्य दिसते आणि त्या दिवसापासून ते खातं खऱ्या अर्थानं जुनं व्हायला लागतं. भरणा आज केला म्हणून स्कोअर उद्या उडी मारत नाही. पण कर्ज देणाऱ्याला 'अजून बाकी आहे' आणि 'उशिरा का होईना, फेडलं' यात फरक दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाचा निकाल त्या फरकावर ठरतो. बेबाकी दाखला हातात घ्यावा, त्याच्या प्रती जपाव्यात. बँकेनं खातं बंद करूनही अहवाल तसाच राहिला तर तक्रार करावी. अशी तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. २६ एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. त्यातले पहिले एकवीस दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला, उरलेले पतमाहिती कंपनीला. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, आणि पतमाहिती कंपन्याही २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत.

मामा निघताना एक गोष्ट बोलले, ती वडिलांच्या कर्जाची. त्यांच्या पिढीत बापाचं देणं मुलानं फेडणं हा धर्मच होता आणि हिंदू कायदाही तसंच सांगायचा. २००५ च्या दुरुस्तीनं ते बंधन नव्या कर्जांपुरतं काढलं. आज वारसाची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती, आणि वडिलांचं थकलेलं कर्ज मुलाच्या अहवालात येत नाही. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच येतं. सही कुठं केली आहे, हे आठवणं म्हणूनच महत्त्वाचं.

माझं मत विचाराल तर, नियम कसा असावा याबाबत भाची बरोबर आहे आणि आज काय करावं याबाबत मामा. लाख रुपयांच्या आतल्या, मुदत उलटून गेलेल्या वैयक्तिक कर्जाची नोंद ठरावीक वर्षांनी अहवालातून निघालीच पाहिजे. सात वर्षं ही कमाल मर्यादा करायला नव्या कायद्याचीही गरज नाही, विनियमात बदल पुरेसा आहे. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्याचे मुख्यमंत्री बँकांना बजावतात. मग नोकरी गेल्यामुळे कार्ड थकलेल्या माणसाचाही विचार व्हायला हवा. पण तो बदल होईपर्यंत 'सात वर्षांनी जातं' या भरवशावर कुणी बसू नये.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. तुम्ही तो मागवला नसेल तर या महिन्यात मागवा. आकडा बघून अहवाल मिटू नका. प्रत्येक खात्याचा शेरा वाचा, आणि कधीकाळी कुणाला जामीन राहिला असाल तर ते खातं आधी शोधा.